आप्पा आणि म्हसोबाचा कोट

माती तपासणीच्या अहवालात माझे वडील सापडले. नावानिशी नव्हे. ‘फॉस्फरस’ या शब्दापुढे जो आकडा होता त्यात ते होते, आणि तो आकडा एवढा मोठा होता की अहवाल पाठवण्याआधी प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी मला फोन केला.

“मॅडम, एनु हाकीरी?” ते म्हणाले. मग कानडी सोडून तेच मराठीत विचारलं, “काय घातलंय तुम्ही त्या मातीत? एवढा फॉस्फरस मी खताच्या गोदामाच्या दारात बघितला न्हाई.”

मी बेळगावात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची मला सवय आहे.

“वडील,” मी म्हणाले.

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“म्हणजे पुरलंय?”

“नाही. राख. त्यांचीच इच्छा होती.”

“हां. मग बरोबर हाय,” ते म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज आला. “फॉस्फरसचं मिटलं. पण हे शिसं? तेबी वडिलांचंच काय?”

तेही वडिलांचंच होतं. पण ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती, आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी रोज चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन खोडल्या. जी उरली ती ही.

आमचं शेत निपाणीपासून थोडं आत आहे. आता तिथं ऊस आणि सोयाबीन असतं, पण माझ्या लहानपणी तंबाखू होता, आणि तंबाखूच्या आधी तंबाखूचा तरवा. तरवा म्हणजे रोपं. विहिरीजवळ एक लांबट वाफा होता. त्यात बी टाकून रोपं करायची आणि मग ती शेतात लावायची. बी राईपेक्षाही बारीक. त्याच्याआधी तण उगवलं की संपलं. म्हणून बी टाकण्याआधी वाफा भाजायचा. काटक्या, पालापाचोळा, शेणकूट, उसाचं पाचट असं सगळं वाफ्यावर पसरायचं आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. त्याला राब म्हणतात. तणाचं बी मरतं, किडे मरतात, राख मातीत मिसळते. ही पद्धत चांगली होती. आप्पांच्या हातात ती जरा जास्तच चांगली झाली.

आप्पांचं असं होतं की जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: कामाच्या, आणि राबाला चालणाऱ्या. मोडकी खुर्ची, गेल्या वर्षीची कॅलेंडरं, बैलगाडीच्या रंगवलेल्या फळ्या, फुटकी चप्पल, जळक्या मोटारीच्या वायरी, सगळं ते वर्षभर गोठ्याच्या मागं साठवत. आईनं काही टाकायला काढलं की ते म्हणायचे, “टाकू नगंस. राबाला हुईल.” एकदा माझी रसायनशास्त्राची वहीही त्या ढिगात गेली. ती मी वेळेवर काढली. मधली चार पानं कुणीतरी आधीच विडी पेटवायला वापरली होती.

विहिरीच्या वरच्या बांधावर आमचा म्हसोबा आहे. नारळाएवढा दगड. दर अमावस्येला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, हे आप्पांच्या आजोबांच्याही आधीपासून चालू होतं. त्यामुळं दगड नारळाएवढा आणि देव कलिंगडाएवढा. पुटावर पूट चढत गेलं, आणि एका उन्हाळ्यात, मी बी. एस्सी.ला असताना, तो सगळा थर मागून फुटून गळून पडला. आतून काळा, छोटा, जरा ओशाळल्यासारखा दगड निघाला. याला आमच्याकडे देवानं कोट उतरवला म्हणतात. असं झालं की तो कोट पायदळी येऊ द्यायचा नाही. वाजतगाजत नदीला न्यायचा आणि सोडायचा.

पण तो आठवडा तरव्याचा होता. वाफा रचून तयार, वळीव केव्हाही येईल असं आभाळ, आणि वेदगंगा चार मैलांवर. आप्पांनी कोट दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचे गुडघे वाकले.

“केवढं वजन हाय बघ,” ते म्हणाले. “दगडापरीस कोट जड. देव हाय खरा.”

धाकटे काका, म्हणजे आमचे तात्या, तिथंच उभे होते. तात्यांचा स्वभाव सगळं रीतीनं करण्याचा आणि त्यासाठी दुसऱ्याला पाठवण्याचा. ते म्हणाले, “थोरल्या, वाजंत्री सांगून ये. सांजच्याला नदीला नेऊ.”

“नदी चार मैल. राब चार पावलं,” आप्पा म्हणाले. “पाण्याला दिलं काय, अग्नीला दिलं काय? दोन्ही देवच की.”

आणि त्यांनी कोट राबाच्या मधोमध ठेवला, वर आणखी शेणी रचल्या, हात जोडले आणि पेटवून दिलं.

मी तेव्हा विहिरीच्या काठावर बसून परीक्षेचं वाचत होते. कुठलं प्रकरण होतं ते आठवत नाही. पण ते शिशाच्या ऑक्साइडचं असतं तरी मी मान वर केली नसती. जुना शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, एवढं मला पाठ होतं. ते तापवलं की पिवळं होतं, त्याला आमच्याच बाजारात मुर्दाडशिंग म्हणतात, आणि कोळशाबरोबर तापवलं तर शुद्ध शिसं खाली उतरतं, हेही पाठ होतं. चार गुणांना यायचं. फक्त ते पुस्तकात होतं आणि हे वीस पावलांवर चाललं होतं, त्यामुळं दोन्हीचा संबंध असेल असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी राख गार झाल्यावर आप्पा वाफा सारखा करायला गेले आणि ओंजळ घेऊन धावत घरी आले. ओंजळीत करड्या, चकचकीत गोळ्या होत्या, काही ज्वारीएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या.

“देवाची चांदी,” ते म्हणाले. आईनं देव्हाऱ्यापुढं दिवा लावला.

आप्पा त्यातल्या चार मोठ्या गोळ्या घेऊन निपाणीच्या बाजारात सोनाराकडे गेले. तात्याही गेले. परत आल्यावर आईनं विचारलं, “काय म्हणाला सोनार?”

“म्हणाला, ठेवा. कामाला येईल,” आप्पा म्हणाले आणि गोळ्या चंचीत टाकल्या. चंची म्हणजे त्यांची पान-तंबाखूची कापडी पिशवी. त्या गोळ्या पुढची तीस वर्षं चंचीतच राहिल्या, तंबाखू आणि चुन्याच्या डबीच्या शेजारी. बाहेरगावी जाताना ते चंची खिशावरून चाचपत आणि म्हणत, “म्हसोबा हाय संगट.”

सोनार खरं काय म्हणाला ते मला आप्पा गेल्यावर, या उन्हाळ्यात तात्यांनी सांगितलं. त्यानं गोळीवर नख ओढलं, ती माघारी दिली आणि म्हणाला, “आप्पा, हे माशाच्या जाळ्याला लावा. जाळं चांगलं बुडतंय.”

आप्पा गेल्या कार्तिकात गेले. वयानं गेले. चंचीचा त्याच्याशी किती संबंध, हे मला कुणी सांगू शकत नाही आणि मी विचारलंही नाही. जाण्याआधी काही दिवस त्यांनी सांगितलं होतं, “माझी राख नदीला न्यायची न्हाई. तरव्याच्या वाफ्यात पसरा.” आमच्या भागात आता बरेच लोक रक्षा शेतात घालतात, वर झाड लावतात. पण तात्यांना नदीच हवी होती. मी एकुलती एक मुलगी, अग्नी तात्यांनीच दिला होता, त्यामुळं तिसऱ्या दिवशी रक्षेचं गाडगं त्यांच्याच हातात होतं. ते वाफ्याशी आले तेच रुसून.

“पसरा म्हणालेत ते,” मी म्हणाले. “सगळीकडं थोडी थोडी.”

तात्यांनी पहिली मूठ टाकली. वारा आला आणि आप्पा तात्यांच्या धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर बसले. तात्यांनी शर्टाकडे पाहिलं, गाडग्याकडे पाहिलं, आणि वाफ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात गाडगं सगळंच्या सगळं उपडं केलं.

“जिथं पडला तिथं खूश ऱ्हाईल,” ते म्हणाले. “जित्तेपणी तरी कुठं हलत हुता.”

त्यानंतर आई रोज वाफ्यावर जायला लागली. सुरुवातीला मला वाटलं रडायला जाते. पण शेजारच्या बाईंनी सांगितलं की ती भांडायला जाते. बांधावर बसून दिवसाचा हिशेब मांडते: म्हशीनं दूध चोरलं, मोटार बिघडली, तात्या फुकटचा सल्ला देऊन गेले, आणि तुम्ही इथं पडलाय. मग तिनं वाफ्यात पोकळ्याचं बी टाकलं. पोकळा म्हणजे लाल-हिरवी पालेभाजी, आमच्याकडे रोजची. ती फोनवर मला म्हणाली, “आक्का, ह्यांनी आयुष्यात पयल्यांदा मला भाजी दिली.” ती रोज ती भाजी खायची, आणि बेळगावला कुणी येणार असलं की त्याच्या हाती माझ्यासाठीही जुडी पाठवायची. मीही खाल्ली. मुद्दाम सांगते, चव चांगली होती.

फाल्गुनात मी गावी गेले तेव्हा आई वाफा खुरपत होती. मला बघून उठली आणि पदराची गाठ सोडली.

“हे बघ. अजून निघत्यात देवाची चांदी.”

तिच्या तळहातावर ज्वारीएवढी करडी गोळी होती. मी ती घेतली. पिशवीतून वही काढली आणि कागदावर गोळी ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. त्या क्षणी मला माझं बी. एस्सी.चं पुस्तक आठवलं, पानासकट, आणि बेळगावला येणारी पोकळ्याची जुडीही आठवली.

“आई, ही चांदी नव्हे. शिसं आहे.”

“व्हय?” ती म्हणाली. “मग तीस वर्सं चंचीत कशाला बाळगलं ह्यांनी?”

या प्रश्नाचं उत्तर तात्यांकडे होतं, पण त्या दिवशी मी तिथं गेले नाही. वाफ्यातली माती दोन पिशव्यांत भरली, बेळगावला नेली आणि प्रयोगशाळेत मुद्दाम शिसं बघायला सांगितलं. अर्जावर एक रकाना होता: मागील हंगामात घातलेलं खत. मी तो कोरा ठेवला. त्यामुळंच तो फोन आला.

प्रयोगशाळेतले गृहस्थ शांत आणि नेमकं बोलणारे होते. सगळी हकिकत ऐकल्यावर म्हणाले, “त्या वाफ्यातली पानं खाऊ नका. आणि वरची वीतभर माती उचला. आग लागली तरी उष्णता खाली जास्त जात न्हाई, जे काय झालं ते वरच्या थरात हाय. ती पोत्यात भरून कुठंतरी नीट पुरा, पाण्यापासून लांब. आई खात्यात काय भाजी?”

“रोज.”

“मग आधी रक्त तपासा.”

आईला मी बेळगावला आणलं. रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, शिशाचं काळजी करण्यासारखं काही नाही, पण भाजी बंद करा, आणि साखर वाढलीय. घरी आल्यावर आईनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाली, “शिसं बघाय नेलंस आन् साखर काढून आणलीस. तुझं शास्तर लई वंगाळ.”

भाजी बंद करायला ती कशीबशी तयार झाली. माती उचलायचं मी अजून बोलले नव्हते. ते बोलायला मी चैत्रात गावी गेले, आणि धीर यावा म्हणून तात्यांना बोलावलं. ही चूक होती.

आम्ही तिघं वाफ्याच्या बांधावर बसलो. मी आईला समजावायला सुरुवात केली.

“अगं, पण आग लागली की सगळं शुद्ध हुतंय,” आई म्हणाली. “लहानपणापास्नं ऐकतोय.”

“लाकूड जळतं, तेल जळतं, किडे मरतात. शिसं जळत नाही. नुसतं रूप बदलतं. आधी शेंदरी होतं, आगीत पिवळं झालं, कोळशात करडं झालं. आहे तिथंच आहे.”

“म्हंजी बहुरूपी.”

“हो. आणि मातीत जो पालापाचोळा कुजलेला असतो तो शिशाला धरून ठेवतो. राबात तोच जळतो. राखेमुळं माती काही वर्षं तुरट-खारट होते, तोवर शिसं गप्प बसतं. मग पाऊस राख धुऊन नेतो आणि ते सुटायला लागतं. पारा असता तर तेव्हाच उडून गेला असता.”

“मग पारा का न्हाई लावला म्हसोबाला?” आईनं तात्यांना विचारलं.

तात्यांनी ते ऐकलंच नाही. ते आनंदात होते. “मी काय म्हणत हुतो? कोट नदीला न्या म्हणालो. न्हाई नेला. रक्षा नदीला न्या म्हणालो. न्हाई नेली. आता काय म्हणतंय तुझं शास्तर?”

मी मान खाली घालून सांगितलं, “वरची वीतभर माती काढायला हवी.”

“बघ. म्हंजी आता थोरल्याला पोत्यानं नदीला न्यायचं.”

“नदीत शिसं टाकायचं नाही, तात्या.”

“मग ठेवायचा कुठं त्याला? पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत? ती बाई विचारंल, ओला का सुका?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी आईकडे बघवेना. ती उठली, वाफ्यात उतरली आणि उगवतीच्या कोपऱ्यात उकिडवी बसली, जिथं माती अजून थोडी पांढुरकी होती.

“किती म्हणालीस?”

“वीतभर.”

“कुणाची वीत?” तिनं विचारलं. तिनं आपला पंजा मातीत उभा धरला, अंगठा खाली, करंगळी वर. तिचा हात लहान आहे, आणि संधिवातानं बोटं आता पुरती उघडत नाहीत. “माझी का तुझी? का त्या हापिसातल्या माणसाची?”

मी माझाच पंजा उघडून बघितला. तात्या उठून विहिरीकडे गेले. ते सल्ला न देता उठले की समजावं प्रकरण अवघड आहे.

“माझ्या वितीच्या आत सगळं हैत ते,” आई म्हणाली. “तेवढं काढलंस की हितं नुसती माती. मग मी भांडू कुणासंगं?”

“पावसाच्या आधी सांगते,” मी म्हणाले. “तोवर हात लावू नका.”

पावसाच्या आधी काय सांगणार होते ते मला माहीत नव्हतं. मी बेळगावला आले आणि वाचत बसले. दुःखात माणसं देवळात जातात, मी ग्रंथालयात जाते. तिथंही गप्प बसायची सोय असते. कॉलेजच्या ग्रंथालयात मातीवरची जेवढी पुस्तकं होती ती काढली. आगीनं मातीतल्या धातूंचं काय होतं, यावर पानंच्या पानं होती आणि जवळजवळ प्रत्येक पानाचं म्हणणं होतं की ते मातीवर, आगीवर आणि धातूवर अवलंबून आहे. हे वाक्य मी स्वतः वर्गात इतक्यांदा म्हटलं आहे की त्याचा राग आला.

मग एका पानावर दुसरंच सापडलं. फॉस्फरस भरपूर असला तर तो शिशाला धरतो, आणि दोघांचं मिळून असं काही बनतं की ते पाण्यात विरघळतच नाही, झाडाच्या मुळालाही सहसा मिळत नाही. त्यासाठी शिशाच्या जमिनीत हाडांची राख घालतात.

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. हाडांची राख असंच लिहिलेलं होतं.

इथं मला स्वतःवर विश्वास नव्हता. जे हवं तेच दिसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. म्हणून मी प्रयोगशाळेतल्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “राख सगळीकडं सारखी पसरलीय का?”

“नाही. काकांनी सगळी एकाच कोपऱ्यात ओतली.”

“बेस्ट,” ते म्हणाले. “काकांना शास्त्र कळतंय. आता दोन टोकांचे दोन नमुने आणा. नुसतं किती शिसं हाय ते बघायचं न्हाई. सौम्य आम्लात घालून त्यातलं किती सुटतंय ते बघू.”

दुसऱ्यांदा अर्ज भरताना मी तो रकाना कोरा सोडला नाही. मावळतीच्या नमुन्यापुढे ‘काही नाही’ लिहिलं, उगवतीच्या नमुन्यापुढे ‘रक्षा, एक गाडगं’. खिडकीतल्या मुलीनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत आईनं एकदाही वाफ्याचं नाव काढलं नाही. फोनवर फक्त आभाळाबद्दल बोलायची. “आज भरून आलंय,” ती म्हणायची. “पण पडला न्हाई.” तिला पाऊस लांबायला हवा होता.

मग प्रयोगशाळेतल्या गृहस्थांचा फोन आला. दोन्ही टोकांना शिसं जवळजवळ सारखंच होतं. पण मावळतीकडचं आम्लात सुटत होतं आणि उगवतीकडचं जवळजवळ सुटत नव्हतं.

“एका वाफ्यावरनं शास्त्र होत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “नुसत्या राखेच्या खारानंपण थोडं असं होतंय. वर्षभरानं परत बघायला पायजे.”

“मला माहीत आहे.”

“पण मी तुमच्या जागी असतो तर तो कोपरा हलवला नसता. चांगलं धरलंय त्यांनी. बाकीच्या वाफ्यात हाडांचा चुरा घाला, चुना घाला, वर काहीतरी लावा, माती उघडी ठेवू नका. खायचं मात्र काही लावू नका.” मग म्हणाले, “तुमच्या आईंना सांगा.”

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेले. आई गोठ्यात होती. मी तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, शक्य तेवढं सोपं करून आणि शक्य तेवढ्या शंका घालून. कोट आप्पांनी जाळला, त्यातलं शिसं वाफ्यात राहिलं, आणि आता त्यांच्याच हाडांची राख त्या शिशाला धरून बसली आहे, निदान एका कोपऱ्यात. माती काढायची नाही.

आईनं शेणाचे हात धुतले. पदराला पुसले. मग घरात जाऊन चुलीजवळच्या पाटावर बसून बराच वेळ हसली. कार्तिकापासून तिला हसताना मी ऐकलं नव्हतं.

“जित्तेपणी एक ताट उचललं न्हाई माणसानं,” ती म्हणाली. “सगळा पसारा केला, आन् आता मरून आवरत बसल्यात.”

त्या दुपारी तिनं पोकळ्याची उरलेली रोपं स्वतःच्या हातानं उपटली. प्रत्येक रोपाची माती झटकून परत वाफ्यातच टाकली, म्हणजे त्यातलं काही बाहेर जायला नको. ते बघणं मला जड गेलं. खायची भाजी होती ती. पण ती एवढंच म्हणाली की आता साखरेला पण बरं.

हाडांच्या चुऱ्याचं पोतं तात्यांनी आणलं. वाटेत मोटारसायकलवर त्याचा वास आला म्हणून नाक फडक्यानं बांधलं होतं. पोतं खाली टाकून म्हणाले, “कुणाची हाडं हैत ही? थोरल्याला चालंल काय विचारा.”

“सोबत हुईल त्यास्नी,” आई म्हणाली.

मग झेंडू लावला. म्हसोबाला आता दर अमावस्येला झेंडूची माळ असते आणि शेंदूर नसतो. आईनं निपाणीच्या दुकानात जाऊन बिनशिशाचा शेंदूर मागितला होता. दुकानदार म्हणाला, “आजी, आजवर शेंदरात शिसं हाय का कुणी विचारलं न्हाई, मी काय सांगू?” तेव्हा तिनं देवालाच विचारून टाकलं. म्हसोबा आता नारळाएवढाच आहे. तिला तो आधी बारीक झाल्यासारखा वाटला, मग म्हणाली, वयाला बरं दिसतंय. चंचीतल्या गोळ्या मी काचेच्या बाटलीत भरून वर्गात ठेवल्या आहेत. मुलं विचारतात कुठून आणल्या. मी सांगते, घरच्या आहेत.

परवा वर्षश्राद्ध आहे, त्याच्या तयारीला मी गावी आले आहे. वर्षाचे नमुने घ्यायचे होते, म्हणून खुरपं आणि पिशव्या घेऊन वाफ्यावर गेले. आईही आली. झेंडू भरात होता. उगवतीकडून माती घेतली, मावळतीकडून घेतली. मी बांधावर बसून अर्ज भरत होते. आई कागदाकडे बघत होती; तिला वाचता येत नाही, पण रकाने कळतात.

“ह्या खान्यात काय ल्हितीस?”

“कुठल्या टोकाला काय घातलं ते. इकडं आप्पा. तिकडं हाडांचा चुरा आणि चुना.”

ती मावळतीच्या टोकाकडे बघत राहिली. तिकडचा झेंडूही तेवढाच आला होता.

“तिकडं विकतचं हाय नव्हं?” ती म्हणाली. “मग माझं तिकडं टाक.”

मी लिहायची थांबले.

“आन् गाडगं तात्याच्या हातात देऊ नगंस,” ती म्हणाली. “त्यो सगळं एका जाग्याला वततोय. तू सारखं पसर.”